नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं, तरी गेम अडखळतोय?

महिनोन्महिने पैसे साठवून घरातल्या मुलाने किंवा मुलीने कॉम्प्युटरसाठी नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. खोका उघडला, फोटो काढले, कार्ड बसवलं, गेम सुरू केला. आणि काय? गेम पूर्वीसारखाच अडखळतोय, कदाचित पूर्वीपेक्षाही जास्त! मग घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. मूल म्हणतं, ‘‘दुकानदाराने फसवलं.’’ आणि मोठी माणसं म्हणतात, ‘‘सांगत होतो, नको त्या गोष्टीत पैसे घालू नकोस.’’

बहुतेक वेळा ही दोन्ही वाक्यं चुकीची असतात. तुमच्या घरी असं झालं असेल, तर भांडायला किंवा आणखी काही विकत घ्यायला बाहेर पडण्याआधी आजचा हा लेख वाचा. तुम्हाला स्वतःला गेम खेळता येत नसला तरी वाचा, कारण कार्डाचे पैसे बरेचदा तुमच्याच खिशातून गेलेले असतात.

सोनापट्टीतून आलेला फोन

मी कोलकात्यात राहते. इथल्या बडाबाजारात सांगली जिल्ह्यातली, विटा-आटपाडीकडची बरीच मराठी माणसं सोन्याचांदीच्या गलाईचा व्यवसाय करतात. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गणपतीच्या दिवसांत भेटीगाठी होतात, तशी अशाच एका कुटुंबाशी माझी ओळख झाली. त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्याने पैसे जमवले, थोडी भर आजीने घातली आणि चांदनी चौकातून त्याने नवं कार्ड आणलं. पुणेकरांनो, हा तुमच्या उड्डाणपुलाचा चांदणी चौक नव्हे आणि दिल्लीचाही नव्हे. कोलकात्याचा चांदनी चौक म्हणजे कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळण्याचं शहरातलं मुख्य ठिकाण. मेट्रोच्या त्याच नावाच्या स्टेशनातून वर आलं की दुकानंच दुकानं.

चार दिवसांनी वडिलांचा फोन आला. ‘‘ताई, पोराला फसवलंय बघा. जुन्या कार्डावर बरा चालायचा गेम, आता नव्यावर रडतोय. उद्या दुकान बंद करून जातो त्या माणसाकडं.’’

मागून मुलाचा आवाज आला, ‘‘मावशी, कार्ड नाही, प्रोसेसर जुना झालाय. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळंच बदलावं लागेल. आई भिशी उचलायला तयार आहे.’’

म्हणजे एकाला दुकानदाराची कॉलर धरायची होती, दुसऱ्याला आईची भिशी मोडायची होती, आणि दुखणं नेमकं कुठे आहे हे अजून कोणी तपासलंच नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मी वडिलांना एवढंच विचारलं, ‘‘दादा, तुमच्याकडे कोणी सोनं घेऊन आला, तर तुम्ही आधी काय करता?’’

‘‘कस लावतो की. कसोटीवर घासल्याशिवाय खरंखोटं कसं सांगणार?’’

‘‘मग कार्डालाही आधी कस लावू या. रविवारी येते.’’

त्या रविवारी आम्ही जे केलं, तेच तुम्हाला क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. आधी फुकटच्या गोष्टी, मग कमी खर्चाच्या आणि अगदी शेवटी मोठा खर्च.

आधी भाकरीचं गणित समजून घ्या

गेममध्ये दिसणारं चित्र म्हणजे एकामागोमाग एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रं. एका सेकंदात जितकी चित्रं, तितका एफपीएस. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंदात तयार व्हायला हवं.

हे चित्र एकटं ग्राफिक्स कार्ड बनवत नाही. कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, दार उघडलं की नाही, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो आणि काय रंगवायचं ते कार्डाला सांगतो. कार्ड ते रंगवतं.

भाकऱ्यांचं उदाहरण घ्या. एक जण थापतोय, दुसरा भाजतोय. थापायला १६ सेकंद लागतात आणि भाजायला २२, तर दर २२ सेकंदांनी एक भाकरी उतरते. तुम्ही मोठी शेगडी आणलीत आणि भाजणं ८ सेकंदांवर आलं. आता दर ८ सेकंदांनी भाकरी मिळेल का? नाही. थापणाऱ्याला १६ सेकंद लागतातच, म्हणून भाकरी दर १६ सेकंदांनीच मिळेल. उरलेला वेळ तवा नुसता तापत बसेल.

नवं कार्ड म्हणजे ही मोठी शेगडी. यामागचा नियम कॉम्प्युटरच्या जगात जुना आहे. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन तज्ज्ञाने १९६७ मध्ये तो मांडला. एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण कामातला त्याचा जितका वाटा असेल, तितकाच फायदा मिळतो. त्यामुळे ‘कार्ड तिप्पट वेगवान आहे, मग गेमही तिप्पट वेगाने चालला पाहिजे’ ही अपेक्षाच बरोबर नाही.

पण फायदा कमी मिळणं वेगळं आणि पूर्वीपेक्षा गेम हळू होणं वेगळं. हळू झाला असेल, तर काहीतरी चुकलंय. ते शोधायचं कसं?

पहिली तपासणी : केबल कुठे लावली आहे?

हसू नका. सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच आहे. मॉनिटरची केबल कॅबिनेटच्या मागे दोन ठिकाणी लावता येते. वरच्या बाजूला यूएसबीच्या खाचांजवळ, म्हणजे मदरबोर्डवर, किंवा खाली आडव्या पट्टीत, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर. पुष्कळ प्रोसेसरमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स असतं. केबल चुकून वर लावली तरी चित्र दिसतं, विंडोज चालते, सगळं ठीक वाटतं. पण गेम त्या छोट्या ग्राफिक्सवर चालत राहतो आणि हजारोंचं कार्ड नुसतं बसून असतं.

केबल खालच्या पट्टीतच हवी. ती लावल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा आणि रिफ्रेश रेट पाहा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन वर्षानुवर्षं ६० हर्ट्झवर वापरणारे लोक मी पाहिले आहेत. उलट मॉनिटरच ६० हर्ट्झचा असेल, तर कार्डाने सेकंदाला १५० चित्रं बनवली तरी पडद्यावर ६०च्या पलीकडे फरक फारसा जाणवणार नाही.

आमच्या मुलाची केबल बरोबर जागी होती आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा होता. म्हणजे आम्हाला गाठायचा आकडा ६०च होता. हे आधी ठरलं, ते बरं झालं.

दुसरी तपासणी : तुलना सारखी आहे का?

जुन्या कार्डावर गेम ‘मिडियम’ सेटिंगवर खेळला आणि नव्यावर ‘अल्ट्रा’वर, तर ती तुलनाच नाही. इथे एक गंमत होते. बरेच गेम नवं कार्ड ओळखतात आणि न विचारता सेटिंग वर चढवतात. रे ट्रेसिंगसुद्धा चालू करतात. प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्याची ही पद्धत कार्डाला जड जातेच, पण ती प्रोसेसरचंही काम वाढवते.

मुलाच्या घरी नेमकं हेच झालं होतं. त्याचं जुनं कार्ड होतं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ सालचं. नवं आरटीएक्स ३०६०, २०२१ मध्ये बाजारात आलेलं. जुन्यावर मिडियम सेटिंगला ४५च्या आसपास एफपीएस मिळायचे. नव्यावर ३८ ते ४०, आणि मध्येच झटके. मी सेटिंगचं पान उघडायला सांगितलं, तर सगळं अल्ट्रा आणि रे ट्रेसिंग चालू!

‘‘मी हे केलंच नाही, मावशी,’’ तो म्हणाला. खरंच त्याने केलं नव्हतं, गेमने केलं होतं.

सगळं पूर्वीसारखं मिडियमवर आणलं आणि आकडा ६२ झाला. वडिलांचा चेहरा थोडा सैलावला. ‘‘म्हणजे कार्ड खोटं नाही?’’ ‘‘अजून कस पूर्ण लागला नाही दादा, थांबा,’’ मी म्हणाले. कारण झटके अजून येतच होते. मध्येच आकडा २०वर घसरायचा.

तिसरी तपासणी : जुना ड्रायव्हर आणि नवी तयारी

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. कार्ड बदललं की ड्रायव्हरही कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरून नव्याने घ्या. आधीचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं असेल, म्हणजे एएमडीचं काढून एनव्हिडियाचं बसवलं असेल किंवा उलट, तर जुना ड्रायव्हर आधी पूर्ण काढून टाका. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘क्लीन इन्स्टॉलेशन’चा पर्याय असतो. एएमडीचं स्वतःचं साफसफाईचं साधन आहे. दोन्हींनी भागलं नाही, तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नावाचं मोफत साधन विंडोजच्या सेफ मोडमध्ये चालवतात.

आणखी एक गोष्ट. नवं कार्ड किंवा नवा ड्रायव्हर आला की गेमला शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम त्या कार्डासाठी पुन्हा तयार करावे लागतात. ते होईपर्यंत पहिल्यांदाच दिसणाऱ्या प्रत्येक जागी गेम अडखळू शकतो. त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांवरून निकाल देऊ नका. अर्धा-पाऊण तास खेळा, त्याच जागी पुन्हा जा आणि मग ठरवा.

आम्ही ड्रायव्हर नव्याने टाकला, गेम अर्धा तास चालवला आणि तेवढ्यात वहिनींच्या हातचे पोहे झाले. झटके कमी झाले, पण गेले नाहीत.

चौथी तपासणी : हीच खरी कसोटी

आता दोन आकडे एकत्र बघायचे. एक एफपीएस आणि दुसरा कार्डाचा वापर, म्हणजे जीपीयू किती टक्के कामात आहे ते. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि जी एकत्र दाबलं की गेम बार उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’च्या चौकटीत हे आकडे दिसतात. ती चौकट पिनने टोचून ठेवा आणि गेम खेळा.

एफपीएसवर कोणतीही मर्यादा लावलेली नसताना बघा. व्ही-सिंक बंद ठेवा.

कार्डाचा वापर ९५ ते ९९ टक्के असेल, तर कार्ड जीव तोडून काम करतंय. एफपीएस तरीही कमी वाटत असतील, तर सेटिंग खाली आणा.

वापर ५० ते ७० टक्केच असेल आणि तरी गेम अडखळत असेल, तर कार्डाला काम मिळत नाहीये. भाकरी थापणारा मागे पडलाय.

खात्री करण्यासाठी गेमचं रिझोल्यूशन खाली आणून बघा. एफपीएस वाढले, तर अडचण कार्डाकडे होती. आकडा तिथेच राहिला, तर अडचण प्रोसेसर, रॅम किंवा आणखी कुठे आहे.

इथे एका गोष्टीला फसू नका. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ४० टक्के दाखवत असेल, तरी तो मोकळा आहे असं समजू नका. गेमचं मुख्य काम बरेचदा एक-दोन कोअरवर चालतं. त्या कोअर पूर्ण भरल्या आणि बाकीच्या रिकाम्या असल्या, तरी सरासरी कमीच दिसते.

आमच्याकडे कार्डाचा वापर निघाला ५० टक्क्यांच्या आसपास. रिझोल्यूशन उतरवलं, आकडा जागचा हलला नाही. मुलाचा प्रोसेसर होता इंटेलचा आय-५ ७४००, २०१७ सालचा, चार कोअरचा. ‘‘बघा, मी म्हणत होतो,’’ तो म्हणाला. म्हटलं, ‘‘बरोबर म्हणत होतास. पण झटके का येतात, ते अजून कळलेलं नाही. भिशीला हात लावू नकोस.’’

पाचवी तपासणी : कार्ड कोणत्या खाचेत आहे?

मदरबोर्डवर कार्डासाठीच्या दोन लांब खाचा असू शकतात. दोन्ही दिसायला सारख्या, पण आतून नाहीत. साधारणपणे प्रोसेसरच्या जवळची, वरची खाच पूर्ण १६ मार्गांची असते. खालची पुष्कळदा चारच मार्गांची असते. रस्ता सोळा पदरी आणि चार पदरी यात जेवढा फरक, तेवढाच हा. पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत १६ मार्गांवरून सेकंदाला साधारण १६ जीबी माहिती जाते, तर चार मार्गांवरून साधारण ४ जीबी.

जीपीयू-झेड नावाचं छोटं मोफत साधन आहे. त्यातल्या ‘बस इंटरफेस’ या ओळीत कार्डाला किती मार्ग असू शकतात आणि आत्ता किती मिळत आहेत, ते दिसतं. बाजूच्या प्रश्नचिन्हावर दाबून छोटी चाचणी चालू करा आणि मग वाचा, कारण कार्ड स्वस्थ असताना वीज वाचवायला वेग कमी करतं. काही बनावट कार्डंही हे साधन ओळखतं. जुन्या कार्डावर नवं नाव चढवून विकण्याचे प्रकार खरोखर होतात, त्यामुळे सेकंडहँड कार्ड घेताना ही तपासणी नक्की करा.

आमच्या मुलाचं कार्ड अस्सल निघालं. पण मार्ग? चार! नवं कार्ड लांब होतं आणि वरच्या खाचेत घालताना हार्ड डिस्कच्या जाळीला अडत होतं, म्हणून त्याने स्वतःच ते खालच्या खाचेत बसवलं होतं. वडिलांनी मुलाकडे बघितलं, मुलाने जमिनीकडे.

आम्ही कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. हार्ड डिस्क एक खण खाली सरकवली आणि कार्ड वरच्या खाचेत बसवलं. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. झटके निम्म्याहून कमी झाले.

खरेदीच्या आधीही हे लक्षात ठेवा. आरटीएक्स ४०६०सारखी काही कार्डं मुळातच आठ मार्गांची असतात. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी तर चारच मार्गांचं आणि ४ जीबी मेमरीचं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर ते आणखी मागे पडतं. इंटेलची आर्क कार्डं ‘रिसाइझेबल बार’ नावाच्या सोयीशिवाय बरीच मंद चालतात आणि ती सोय जुन्या मदरबोर्डवर बहुधा नसते. म्हणजे ‘नवं कार्ड’ आणि ‘माझ्या कॉम्प्युटरला योग्य कार्ड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सहावी तपासणी : रॅम

मुलाच्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची एकच पट्टी होती. गेम चालू असताना मागे ब्राउझरचे पंधरा टॅब, गप्पांचं अ‍ॅप आणि गाणी. रॅम ९६ टक्के भरलेली! रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा तिथून आणते. ते आणायला वेळ लागतो, तोच झटका.

शिवाय एकच पट्टी म्हणजे एकच रस्ता. सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या, तर प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली वाहतूक दुप्पट होऊ शकते. कोणत्या दोन खाचा, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. रॅम अधिक वेगाची असूनही कमी वेगावर चालत असेल, तर बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ हा पर्याय चालू करावा लागतो, पण तो सगळ्या मदरबोर्डवर नसतो.

आधी फुकटचा उपाय : टॅब बंद केले, कॉम्प्युटरबरोबर आपोआप सुरू होणारी अ‍ॅप बंद केली. मग पुढच्या शनिवारी मुलगा त्याच दुकानात गेला, जिथे वडील भांडायला निघाले होते, आणि त्याच क्षमतेची, त्याच वेगाची आणखी एक पट्टी घेऊन आला. एवढाच काय तो खर्च. झटके गेले.

सातवी तपासणी : वीज आणि उष्णता

वीज कमी पडली की गेम हळू होण्यापेक्षा कॉम्प्युटर अचानक बंद पडण्याची शक्यता जास्त. तरीही बघून ठेवा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. आठ पिनांच्या एका केबलमधून आणखी १५०. आरटीएक्स ३०६०ला १७० वॉट लागतात आणि कंपनी त्यासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. प्रोसेसरची आठ पिनांची केबल वेगळी असते, ती कार्डात कोंबू नका.

घरात यूपीएस असेल, तर त्यावर वॉटचा आकडा बघा. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. मॉनिटर धरून गेमिंगचा कॉम्प्युटर सहज ३०० वॉटच्या पुढे जातो. कालबैसाखीच्या वादळात वीज गेली, तर असा यूपीएस काम सेव्ह करण्यापुरताही टिकेल याची खात्री नाही.

उष्णतेचं म्हणाल, तर कोलकात्याचा उन्हाळा काय आणि कोकणातला काय, घाम सारखाच. कार्ड ८० अंशांच्या वर जाऊ लागलं की ते स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करू लागतं. दहा मिनिटं गेम छान चालून मग मंदावत असेल, तर संशय उष्णतेवर घ्या. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, जाळीवरची धूळ झाडा, मागे हवा जायला वीतभर जागा सोडा. कॅबिनेटवर टाकलेलं शोभेचं कापडही काढा. आजीने प्रेमाने विणलेलं असलं तरी!

लॅपटॉपवाल्यांसाठी एकच सूचना : गेम खेळताना मूळ चार्जर लावलेला हवा. बॅटरीवर लॅपटॉप मुद्दामच हळू चालतो.

मग शेवटी काय झालं?

प्रोसेसर जुनाच राहिला. पण लक्षात आहे ना, कार्ड निम्मं रिकामं बसलं होतं? तो रिकामा वेळ वापरता येतो. प्रोसेसर अडलेला असताना चित्राची प्रत बरीच वाढवली, तरी एफपीएस फारसे उतरत नाहीत, कारण ते जास्तीचं काम कार्ड करतं. आम्ही टेक्स्चर आणि कडांची सफाई वर नेली. रे ट्रेसिंग बंद ठेवलं आणि गर्दी, दूरची दृश्यं यांसारख्या प्रोसेसरला जड जाणाऱ्या गोष्टी मध्यम ठेवल्या. एफपीएसवर ६०ची मर्यादा लावली. गेम पूर्वीपेक्षा कितीतरी सुंदर दिसू लागला आणि ६०वर स्थिर राहिला. भिशी शाबूत राहिली.

पुढे कधी १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायचा ठरला, तर मात्र प्रोसेसर बदलावा लागेल. पण तेव्हा तो का बदलायचा, हे त्या मुलाला माहीत असेल.

कार्ड खरंच सदोष निघालं तर?

तसंही होतं. पडद्यावर रंगीत चौकोन दिसणं, गेममधून वारंवार बाहेर फेकलं जाणं, नव्या ड्रायव्हरनंतरही चित्र जाणं, ही लक्षणं असतील, तर शक्य असल्यास कार्ड मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये लावून बघा. तिथेही तेच झालं, तर दोष कार्डात आहे. पक्कं बिल, खोका आणि अनुक्रमांकाचा फोटो जपून ठेवा. आकड्यांचे स्क्रीनशॉट घेऊन दुकानात जा आणि शांतपणे बोला. ‘‘गेम चालत नाही’’ या तक्रारीपेक्षा ‘‘दोन कॉम्प्युटरवर लावून पाहिलं, दोन्हीकडे हे असं होतंय’’ या तक्रारीला वजन असतं. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

थोडक्यात, हा क्रम लक्षात ठेवा :

१. केबल कार्डात आहे का, रिफ्रेश रेट बरोबर आहे का?
२. दोन्ही कार्डांची तुलना एकाच सेटिंगवर केली का?
३. ड्रायव्हर नव्याने टाकला का, अर्धा तास खेळून पाहिलं का?
४. कार्डाचा वापर किती टक्के आहे?
५. कार्ड वरच्या खाचेत आहे का, मार्ग किती मिळतात?
६. रॅम भरते का, पट्ट्या किती आहेत?
७. एसएमपीएस पुरेसा आहे का, कार्ड तापतंय का?
८. हे सगळं झाल्यावरच पैशाचं पाकीट उघडा.

निघताना वडील दारापर्यंत आले. म्हणाले, ‘‘ताई, बरं झालं मी त्या दुकानदाराकडं गेलो नाही. गिऱ्हाईक कस न लावताच आमच्यावर खोटेपणाचा आळ घेतं, तेव्हा आम्हाला किती लागतं, ते मला ठाऊक आहे की.’’

मुलगा पाठीमागे उभा राहून ऐकत होता. गेम मात्र त्याने थांबवून ठेवला होता.